नखऱ्यांचा हिसाब

आठवीच्या वर्गाला शेकडेवारी, म्हणजे आमच्या उर्दू माध्यमाच्या भाषेत 'फीसद', शिकवायची होती. पुस्तकातली उदाहरणे ठरलेली असतात. दुकानदाराने साखर अमुक भावाने घेतली, तमुक भावाने विकली, तर नफा किती फीसद? मुले ती यंत्रासारखी सोडवतात आणि विसरून जातात. म्हणून आम्ही सांगितले, उद्या येताना प्रत्येकाने आपल्या मनाचे एक उदाहरण आणायचे. एखादी वस्तू, तिची मूळ किंमत आणि तिच्यावर वरून केलेला खर्च. हा वरचा खर्च मूळ किमतीच्या किती फीसद, एवढेच काढायचे. दुसऱ्या दिवशी बहुतेकांनी मोबाइल आणि त्याचे कव्हर आणले. कुणी सायकल आणि तिची घंटी आणली. एकाने बकरा आणि त्याच्या गळ्यातला हार आणला. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने मात्र पोर्शे ९११ ही जर्मन स्पोर्ट्स कार आणली होती, वहीच्या समोरासमोरच्या दोन पानांवर.

या कंपन्यांनी मोबाइलवर गाडी जुळवून पाहण्याची सोय ठेवलेली आहे. घ्यायची नसली तरी कुणीही रंग निवडावा, चाके निवडावीत, सीटचे कातडे निवडावे आणि दर वेळी खालचा आकडा किती वाढला ते पाहावे. मोठ्या भावाच्या मोबाइलवर पोराने रात्री दीड तास हा उद्योग केला होता. उजवीकडच्या पानावर गाडीची मूळ किंमत (उर्दूची वही उजवीकडून उघडते), डावीकडच्या पानावर सतरा बाबी आणि त्यांची बेरीज. आम्ही विचारले, "बेटा, दो सफे काहे को?" तो म्हणाला, "सर, वो गाडी की कीमत है. इधर नखरे का हिसाब है." वर्ग हसला, आम्हीही हसलो. गणित बरोबर होते. मूळ किमतीच्या २८ फीसद.

घरी आल्यावर मात्र ते दुसरे पान डोक्यातून जाईना. आमच्या घरात, आणि वाचकांच्याही घरात असेल, उधळपट्टीसाठी 'इसराफ' हा शब्द फार लवकर कानांवर पडतो. नळ उघडा राहिला तरी इसराफ, ताटात चार शिते राहिली तरी इसराफ. त्यामुळे मोटारीच्या सतरा नखऱ्यांवर निकाल द्यायला आम्हाला एक मिनिटही लागले नसते. चंगळवाद, श्रीमंतांची मस्ती, जगात उपाशी माणसे असताना वगैरे. हे वाज आम्हाला तोंडपाठ आहे. पण आदल्या तासाला आम्हीच मुलांना सांगितले होते की, फीसद काढताना रक्कम किती मोठी हे पाहायचे नाही, कशाच्या तुलनेत आहे ते पाहायचे. मग या खर्चात वाईट नेमके काय? मोठी रक्कम वाईट? निरुपयोगी वस्तू वाईट? की दिखावा वाईट? आम्हाला उत्तर देता येईना, आणि ज्या गोष्टीचे उत्तर देता येत नाही ती वर्गात बोलू नये असे बी.एड.ला शिकवले होते. म्हणून थोडे वाचायला घेतले.

आधी त्या यादीत असते काय ते सांगितले पाहिजे. वाचकाला वाटेल, मोठे इंजिन, चांगले टायर, असे काही असेल. तेही असते. पण यादीचा मोठा भाग निराळाच आहे. एसीची हवा जिथून येते त्या जाळीच्या पट्ट्यांना कातडे चढवून मिळते. शिवणीचा दोरा वेगळ्या रंगाचा मिळतो. सीटबेल्ट लाल, पिवळा, निळा, हवा तसा मिळतो. किल्ली गाडीच्याच रंगात रंगवून मिळते आणि तिला ठेवायला कातड्याची पिशवीही मिळते. ठरलेल्या रंगांत मन रमत नसेल तर आपण नमुना दाखवावा, त्याप्रमाणे गाडी रंगवून देण्याचीही सोय आहे. त्याचे पैसे अर्थातच वेगळे.

ब्रेकचा किस्सा सगळ्यांत गमतीचा. साध्या गाडीत लोखंडी चकत्या असतात आणि रस्त्यावर त्या पुरून उरतात. अमेरिकेतल्या किमतीने सुमारे नऊ-दहा हजार डॉलर जास्त मोजले की त्यांच्या जागी कार्बन-सिरॅमिकच्या चकत्या येतात. त्या वजनाला जवळजवळ निम्म्या असतात आणि शर्यतीच्या मैदानावर पुन्हा पुन्हा करकचून ब्रेक लावले तरी तापून ढिल्या पडत नाहीत. हा झाला उपयोग. पण पोर्शे या ब्रेकचे जबडे पिवळे रंगवते आणि चाकाच्या आऱ्यांतून ते लांबूनही दिसतात. म्हणजे सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या जाणकाराला कळते की या माणसाने ते पैसे मोजले आहेत. आणि ज्याला असे दिसणे आवडत नाही त्याच्यासाठी यादीत आणखी एक ओळ आहे, वर थोडे पैसे भरा, जबडे काळे रंगवून देऊ. दाखवण्याचेही पैसे, लपवण्याचेही पैसे.

ही यादी काही आजची नाही. हेन्री फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात आपली मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली आणि लाखांनी विकली. गिऱ्हाइकाला निवडायला काही नव्हतेच. पुढे त्याच कंपनीने १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात मस्टँग ही गाडी आणली. किंमत २,३६८ डॉलर. तरुण कारकुनालाही, शिक्षिकेलाही परवडावी अशी, दिसायला स्पोर्ट्स कार, आणि सोबत लांबलचक यादी. मोठे इंजिन, आपोआप बदलणारे गिअर, रेडिओ, पांढऱ्या कडेचे टायर. पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांहून जास्त गाड्या खपल्या. या गाडीमागचा माणूस ली आयाकोका. त्याने १९८४च्या आत्मचरित्रात सांगितले आहे की, गिऱ्हाईक यादीतल्या वस्तूंवर सरासरी हजार डॉलर घालवत होते. आम्ही लगेच हिशोब केला. ४२ फीसद. आमच्या विद्यार्थ्याच्या कोट्यधीशापेक्षा साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकी पगारदाराचा नखरा फीसदीने जास्त निघाला. इथे आमच्या तयार वाजाला पहिली खीळ बसली.

आता दुसऱ्या टोकाला इटलीतल्या मारानेल्लोची फेरारी घ्या. २०२४ साली त्यांनी साऱ्या जगात मिळून १३,७५२ गाड्या दिल्या. मुंबईतल्या एका उपनगरातल्या एका वॉर्डात याहून जास्त दुचाकी असतील. मोटारी आणि सुटे भाग मिळून त्या वर्षी त्यांना सुमारे ५७० कोटी युरो मिळाले आणि कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे त्यातला साधारण पाचवा हिस्सा 'गिऱ्हाइकाच्या मनाप्रमाणे' केलेल्या कामांचा होता. ढोबळ भागाकार केला तर गाडीमागे ऐंशी हजार युरोंच्या घरात जाते, आपल्या रुपयांत पाऊण कोटीच्या आसपास. रंग, कातडे, दोरा, कार्बनच्या पट्ट्या. कंपनी गाड्यांची संख्या मुद्दाम फार वाढवत नाही. गाड्या तेवढ्याच ठेवून प्रत्येक गाडीमागचा पैसा वाढवायचा तर ही यादीच कामाला येते.

एवढे पैसे माणसाच्या हातून सुटतात कसे? याचे उत्तर आम्हाला शिक्षणाच्या मानसशास्त्राच्या शेजारीच सापडले. टव्हर्स्की आणि कानमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली लोकांना एक प्रश्न विचारला होता. तुम्ही १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर घेताय आणि कळले की वीस मिनिटांच्या अंतरावरच्या दुकानात तो ५ डॉलरने स्वस्त आहे, तर जाल का? शंभरातले ६८ जण जाऊ म्हणाले. दुसऱ्या गटाला विचारले, कॅल्क्युलेटर १२५ डॉलरचा आहे आणि तिकडे १२०ला मिळतो, जाल का? आता शंभरातले २९च हो म्हणाले. वाचतात पाचच डॉलर, पण मन फीसद काढून बसते. दीड कोटीच्या गाडीसमोर पन्नास हजारांचा रंगीत सीटबेल्ट म्हणजे किरकोळ. तोच माणूस संध्याकाळी भाजीवाल्याशी दहा रुपयांसाठी वाद घालतो आणि दोन्ही ठिकाणी स्वतःला शहाणा समजतो.

यापुढचा प्रयोग तर खास मोटारींचाच आहे. लेवाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१० साली प्रसिद्ध केला. जर्मनीत गाडी घ्यायला आलेल्या खऱ्या गिऱ्हाइकांपुढे निवडी मांडल्या. गिअरच्या मुठीचे ४ प्रकार, चाकांचे १३, इंजिन आणि गिअरपेटीच्या २५ जोड्या, आतल्या सजावटीचे ५६ रंग. ज्यांना सुरुवातीलाच जास्त पर्यायांच्या निवडी करायला लावल्या ते लवकर थकले आणि पुढे कंपनीने आधीच खूण करून ठेवलेल्याला मान डोलावत गेले. निव्वळ प्रश्नांचा क्रम बदलल्याने दर गाडीमागे सुमारे दीड हजार युरोंचा फरक पडला. गिऱ्हाइकाला मात्र वाटत राहिले की, प्रत्येक गोष्ट आपण आपल्या मर्जीने निवडली. परीक्षेत सोपे प्रश्न आधी की अवघड आधी, यावर आम्ही शिक्षक फार वाद घालतो. त्या वादाची किंमत कुणी युरोंत काढली असेल असे वाटले नव्हते.

पण हे सगळे 'कसे' झाले. 'वाईट काय' हा प्रश्न तसाच राहिला.

दिखाव्याचे उत्तर सगळ्यांत सोपे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ व्हेब्लेनने १८९९मध्येच लिहून ठेवले आहे की, ऐपत असणारा माणूस लोकांना दिसावे म्हणून खर्च करतो. पिवळ्या जबड्यांना हे लागू पडते. पण जाळीच्या पट्ट्यांवरच्या कातड्याचे काय? ते रस्त्यावरच्या कुणालाही दिसत नाही. शेजारी बसलेल्या बायकोच्याही लक्षात येणार नाही. किल्लीची पिशवी खिशात असते. हा दिखावा असेल तर तो माणूस स्वतःलाच दाखवतो आहे. आमची आजी बिछायतीच्या गादीचा आतला, कुणाला न दिसणारा खोळदेखील नक्षीचा शिवायची आणि तिला कुणी दिखाऊ म्हटले नाही, सुगरण म्हटले. अर्थात तिने स्वतः शिवला होता आणि यांनी पैसे मोजले आहेत, हा फरक आहेच. तरी न दिसणारी गोष्टही नीटनेटकी असावी ही इच्छा मुळात पापाची आहे, असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

निरुपयोगीपणाचे उत्तरही टिकत नाही, कारण या बाजारात जास्त पैसे देऊन कमी वस्तू घेणारेही आहेत. पोर्शेने २०१०च्या सुमारास बॉक्सटर स्पायडर नावाची गाडी काढली. बॉक्सटर एसपेक्षा ८० किलो हलकी. हलकी कशी? एसी काढला, रेडिओ काढला, दाराच्या आतल्या मुठी काढून कापडी पट्ट्या लावल्या, छपरासाठी साधे कापड. आणि किंमत मात्र एसहून जास्त. ज्याला उकडेल त्याने एसी यादीतून वेगळा मागवावा! त्यांच्याच ९१८ स्पायडरवर ८४,००० डॉलरचा एक संच मिळत असे, त्याने गाडी सुमारे ४१ किलो हलकी होई. किलोमागे दोन हजार डॉलर पडले. वजन कमी करायचे असेल तर चालकाने रोजे ठेवावेत, असे आमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालेच. पण ज्याला गाडी वळणावर कशी वागते ते बोटांना कळते त्याला त्या ४१ किलोंचा उपयोग आहे. सतारीच्या तारेसाठी जास्त पैसे मोजणाऱ्या वादकाला आपण उधळ्या म्हणत नाही.

या ठिकाणी आम्हाला एक जुनी मांडणी उपयोगी पडली. चौदाव्या शतकात, तेव्हाच्या ग्रनाडात, इमाम शातिबी होऊन गेले (मृत्यू १३८८). त्यांच्याआधी गझालींनीही हा विचार केला होता. शातिबींनी तो विस्ताराने मांडला. माणसाच्या गरजांच्या त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. जरूरियात, म्हणजे ज्यांच्यावाचून जगणेच कोसळते. यात जान राखणे आले. हाजियात, म्हणजे ज्यांच्यावाचून जगता येते पण फार हाल होतात. आणि तहसीनियात, म्हणजे ज्यांनी जगणे सुंदर होते. आमच्या विद्यार्थ्याचे दुसरे पान म्हणजे तहसीनियातची यादी. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, शातिबींनी तिसऱ्या पायरीला हाकलून दिलेले नाही. स्वच्छता, अदब, नीट कपडे हे सगळे त्याच पायरीवर बसते. ती पायरी खालच्या दोन पायऱ्यांना पूर्णत्व देते. मात्र तिच्यासाठी खालची पायरी मोडता येत नाही.

मग मोटारींची यादी या तीन पायऱ्यांवर ठेवून पाहिली आणि एक विचित्र प्रकार दिसला. अमेरिकेत १९५६ साली फोर्डने आपल्या गाड्यांत सीटबेल्ट दिला, पण यादीत, वेगळे पैसे घेऊन. म्हणजे ज्या पट्ट्याने जान वाचते तो त्या दिवशी नखऱ्यांच्या पानावर होता. तीनच वर्षांनी, १९५९मध्ये, स्वीडनच्या व्होल्वोने आज आपण वापरतो तो खांद्यावरून येणारा पट्टा सरसकट बसवायला सुरुवात केली आणि त्याचे पेटंट इतर कंपन्यांसाठीही मोकळे ठेवले. घसरणाऱ्या चाकांना आवरणारे एबीएस ब्रेक १९७८मध्ये मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये आले, तेही आधी यादीतूनच, वेगळ्या पैशांनी. आपल्या देशात चालकासमोरची एअरबॅग सक्तीची व्हायला जुलै २०१९ उजाडला; तोवर ती महागड्या मॉडेलची शोभा होती. आज सीटबेल्ट प्रत्येक गाडीत असतो आणि यादीत त्याचा फक्त रंग उरला आहे.

म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या पानामधली रेघ कुणी दगडावर कोरलेली नाही. ती विकणारा आखतो आणि त्याला सोयीची असेल तिथे आखतो. बीएमडब्ल्यूने २०२२ साली काही देशांत गरम होणाऱ्या सीटसाठी महिन्याचे भाडे लावले, ब्रिटनमध्ये १५ पौंड. सीटमध्ये तारा आधीच घातलेल्या होत्या. गाडी गिऱ्हाइकाच्या दारात उभी, तारा त्याच्या पाठीखाली, पण महिन्याचे पैसे भरले नाहीत तर त्या गार. लोकांनी इतका गवगवा केला की २०२३मध्ये कंपनीने तो बेत सोडला. आमच्या मते लोक चिडले ते पंधरा पौंडांसाठी नाही. सतरा नखऱ्यांचे पैसे हसत भरणारा माणूसही इथे चिडला असता. जे माझ्या पानावर आहे ते तुझ्या पानावर तू परस्पर कसे नेलेस, असा तो राग होता.

आम्हाला वाटते, इसराफची गोष्ट इथेच कुठेतरी आहे. श्रीमंताने दोरा निळा घेतला म्हणून जगाचे फार बिघडत नाही. बिघडते ते यादी वाचता वाचता पहिल्या पानाविषयीचे मन बदलते तेव्हा. ९११ ही गाडी १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात प्रथम दिसली. तेव्हापासून साठ वर्षे जर्मन कारागीर ती घासूनपुसून सुधारत आले आहेत. अशी गाडी यादीतले काहीही न घेता मागवली तर घेणाऱ्यालाच ओशाळे वाटावे, इतके त्या यादीने करून ठेवले आहे. आमच्या विद्यार्थ्यानेही विचारले होते, "सर, खाली गाडी कोई लेता है?" खाली, म्हणजे रिकामी. साडेतीनशेहून अधिक घोड्यांची ताकद असलेली गाडी त्या पोराला रिकामी वाटली. ज्याने ती कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही त्याला.

याच्या उलट बाजू मांडणारा माणूस आमच्या घरातच आहे. आमचा मामेभाऊ दुबईत एका वर्कशॉपमध्ये काम करतो. आमच्या खाडीकाठच्या गावातली निम्मी तरुण मंडळी आखातात आहेत, त्यातला तो एक. त्याचे काम म्हणजे नव्याकोऱ्या स्पोर्ट्स कारवर पारदर्शक फिल्म चढवणे, रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून. हे कंपनीच्या यादीबाहेरचे, गाडी हातात आल्यानंतरचे नखरे. त्याला फोनवर आम्ही हे सगळे ऐकवले. तो म्हणाला, "भाईजान, मागच्या महिन्यात एक गाडी आली. मालकाने कंपनीकडून खास रंग लावून घेतला होता, त्याचे पैसे वेगळे मोजले होते. आणि इथे येऊन म्हणाला, वरून दुसऱ्या रंगाची फिल्म चढवा. खालचा रंग आता कुणाला दिसणार नाही." आम्ही म्हणालो, हाच तो इसराफ. तो थोडा थांबून म्हणाला, "असेल. पण ती फिल्म मी चढवली. त्या पैशांतून बाजीच्या पोराची फी गेली."

श्रीमंतांच्या हौशीवर गरिबांच्या चुली पेटतात, हा मुद्दा मँडेव्हिल नावाच्या लेखकाने १७१४ साली इंग्लंडमध्ये मांडला आणि नीतिवाले त्याच्यावर तुटून पडले. त्याला उत्तर आहे. तोच पैसा दुसरीकडे खर्च झाला असता तर दुसऱ्या चुली पेटल्या असत्या. कागदावर हे उत्तर बिनतोड आहे. पण ते आम्ही मामेभावाला देऊ शकलो नाही, कारण दुसऱ्या चुली कुठल्या ते आम्हाला दाखवता आले नसते आणि बाजीच्या पोराची फी आम्हाला ठाऊक होती. श्टुटगार्टमधल्या झुफेनहाउझेनला बसून त्या पट्ट्यांवर कातडे ताणणाऱ्या कारागिराच्याही घरी कुणाची तरी फी असेलच. हा मुद्दा आमच्याकडून सुटलेला नाही, तो सुटला असे दाखवण्यात अर्थ नाही.

पंधरा दिवसांनी त्याच प्रकरणाची उजळणी होती. त्या मुलाला फळ्याशी बोलावले आणि गाडीचे उदाहरण सगळ्यांना समजावून सांगायला लावले. त्याने समजावले. मग तो खडू हातात घेऊन आमच्याकडे वळला आणि म्हणाला, "सर, आपके स्कूटर का निकालें?" वर्ग जागा झाला. मास्तरांचा स्कूटर म्हणजे घरचे गणित. मागच्या वर्षी आम्ही हप्त्यावर घेतलेला स्कूटर खिडकीतून दिसत होता. नाही म्हणायला जागा नव्हती.

आम्ही आकडे सांगत गेलो. मूळ किंमत ८०,००० रुपये. मुलाने ती उजवीकडे लिहिली. मग डावीकडची यादी. पुढचा-मागचा गार्ड, सीटचे कव्हर, पायाखालची मॅट, आरशांवर चकचकीत टोप्या, रंगाला कोटिंग. शोरूमवाल्याने हे सगळे एकत्रच लावून दिले होते, आणि 'हे नको, ते नको' म्हणण्याइतका वेळ त्याने आम्हाला दिला नाही, असे आम्ही घरी सांगितले होते. खरे म्हणजे वेळ होता. फक्त शेजारच्या गिऱ्हाइकाच्या स्कूटरवर त्या टोप्या चमकत होत्या आणि आमचा त्यांच्याशिवाय उघडाबोडका दिसला असता. बेरीज ६,४०० रुपये. मुलाने झटकन उत्तर लिहिले, ८ फीसद. मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली. जर्मन गाडीपेक्षा मास्तर बरे निघाले, अशा अर्थाची असावी.

मग एका मुलीने विचारले, "सर, हेल्मेट?" दुचाकीसोबत हेल्मेट दिले जावे असा नियम आहे, हे आम्ही स्वतः रस्ता सुरक्षा सप्ताहात वर्गाला सांगितलेले. आम्हाला खोटे बोलता आले नाही. त्या दिवशी शोरूममध्ये रक्कम फार झाली, कुठेतरी कमी करायला हवी होती, तेव्हा हेल्मेट नंतर बघू म्हणून आम्हीच सोडून दिले. आरशांच्या टोप्या ठेवल्या. नंतर हेल्मेट घेतले, सात महिन्यांनी, बाजारातून, १,१०० रुपयांना.

मुलाने खडू उचलला, १,१०० असे लिहायला गेला आणि थांबला. फळ्याच्या उजव्या बाजूकडे पाहिले, डाव्या बाजूकडे पाहिले.

"सर," तो म्हणाला, "ये किधर लिखूँ? गाडी में, या नखरे में?"